बाजाराच्या दिवशीचं औषध

वच्छला उईके सौंसरकडच्या डोंगरात, गोंडांच्या एका लहानशा वस्तीत राहायची. १९८३च्या हिवाळ्यात तिचा नवरा कवडू खोकून खोकून वाळला, तेव्हा ती त्याला शेजाऱ्याच्या बैलबंडीत घालून खालच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आली. तपासणीत टीबी निघाला.

दवाखान्याचे डॉक्टर बोबडे शिस्तीचे होते. त्या दिवशी संत्र्याच्या बागांचे मालक रघुनाथराव रांग सोडून आत शिरले, तर डॉक्टरांनी त्यांना सरळ रांगेच्या शेवटी पाठवलं. वच्छलाला हा माणूस आवडला. इथं आपल्याला कोणी मागं ढकलणार नाही, एवढं तिला कळलं.

टीबीचं औषध दर सोमवारी, दुपारी बारापर्यंत, रोग्यानं स्वतः येऊन न्यायचं होतं. हा नियमही सगळ्यांना एकच.

पहिले काही महिने जमलं. मग पावसाळ्यात नाले भरले. दोघं अंधारात निघायचे, कवडू वाटेत जागोजागी बसायचा, आणि पोचेपर्यंत औषधाची खिडकी बंद झालेली असायची. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर तो म्हणाला, “आता मले नेऊ नको.” औषध सुटलं. दिवाळीच्या सुमारास त्याच्या थुंकीत रक्त आलं, तशी वच्छला एकटीच दवाखान्यात आली.

“औषध का सोडलं?” डॉक्टर चिडले होते. “इथं कोणी तुमच्याशी भेदभाव केला का?”

“नाही साहेब. तुमी सगळ्याइले सारखंच धरता,” वच्छला म्हणाली. “पण इथला माणूस चहा पिऊन येते अन् रांगेत लागते. आमी रातीच निघतो, तरी खिडकी बंद. मंग हे सारखं कसं झालं?”

“तुझ्यासाठी नियम मोडला तर उद्या सगळेच मागतील.”

नर्स छाया वासनिक शेजारीच उभी होती. ती बोरगावची, शेतमजुराची मुलगी. ती म्हणाली, “सर, वस्तीतले लोक आठवडी बाजाराला खाली येतातच. त्या दिवशी मी तिथं संध्याकाळपर्यंत औषध घेऊन बसते. सोमवारचं काम तसंच राहील.”

 पुढच्या बाजारी डॉक्टर स्वतः छायासोबत आले आणि बांगड्यांच्या दुकानांमागं, निंबाखाली बसले.

वस्तीतले इतर रोगीही आले. छाया मराठीत समजावायची, ते मान हलवायचे, आणि खोकला थांबला की गोळ्या बंद करायचे. वच्छलाच्या ते ध्यानात आलं. मग ती शेजारी बसून गोंडीत सांगू लागली, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

कवडूला आणायला डॉक्टरांनी पहिल्याच बाजारी बंडी करून दिली, त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. पण फार उशीर झाला होता. होळीच्या आधी तो गेला.

त्यानंतरच्या बाजारी वच्छला येणार नाही, असं छायाला वाटलं होतं. ती आली. सोबत तिची धाकटी जाऊ मंगला होती, तोंडाला पदर लावून खोकत.

“हिले तपासा बाई,” वच्छला म्हणाली. “हिचं सुटू देणार नाही मी.”

मंगलानं औषध पुरं केलं. पुढच्या उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायला ती सगळ्यांच्या आधी रानात पोचायची, आणि वच्छला तिला मागून हाका मारत राहायची.