माळ्यावरची मेव्हणी

"हे तू पास केलंस?" ब्रेंडाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चेहरा होता आणि खाली इंग्रजी ओळ. तिचा अर्थ असा : युद्धात मी स्वस्तिक माळ्यावर लपवून ठेवलं.

मी म्हणालो, हो, केलं. स्पेलिंग बरोबर आहे.

ब्रेंडा माझी मॅनेजर. ती रागावली की आवाज चढवत नाही, उलट उतरवते. त्या दिवशी तो इतका उतरला की मला खुर्ची पुढे ओढावी लागली.

अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या एका छोट्या कंपनीत मी सबटायटल्सची QC करतो. QC म्हणजे शेवटची तपासणी. ओळ बोलण्याबरोबर येते का, वाचायला पुरेसा वेळ मिळतो का, स्पेलिंग ठीक आहे का, इतकंच मी बघतो. भाषांतर आधी मशिन करतं, मग ती भाषा येणारा माणूस ते तपासतो, मग मी. आमचा सर्बियन तपासणारा माणूस त्या आठवड्यात पाठ धरून झोपला होता आणि घाई होती, म्हणून मधली पायरी ब्रेंडानेच गाळली होती. हे मी तिला लगेच ऐकवलं नाही. मी मूळचा तापट आहे, पण व्हिसाच्या दिवसांपासून राग घरी ठेवून ऑफिसला यायची सवय लागली आहे.

फिल्म येलेना नावाच्या बाईंची होती. त्या सर्बियातून आलेल्या, आता आमच्याच बॉथेल गावात राहतात. युद्धानंतर त्यांच्या गावात कोणीतरी उठवलं की येलेनाचे आजोबा जर्मनांना सामील होते. पुरावा काही नाही, पण गावाला पुरावा कधी लागतो? आजोबांची चौकशी झाली, ते सुटले, तरी बोलणं थांबलं नाही. मरण्याआधी कोणीतरी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं केलं होतं. ती जुनी टेप घेऊन येलेनाने ही डॉक्युमेंटरी केली, आजोबांवरचा डाग पुसायला म्हणून. आणि आमच्या सबटायटलमध्ये आजोबा स्वतःच सांगत होते की स्वस्तिक माझ्याकडेच होतं.

तो शब्द आणखी दोनदा होता. ‘स्वस्तिक फार रडायचं.’ आणि ‘स्वस्तिकाला रोज दूध लागायचं.’

"तुला हे विचित्र वाटलं नाही?" ब्रेंडाने विचारलं.

खरं सांगायचं तर रडण्यापाशी मी जरा थांबलो होतो. पण डॉक्युमेंटरीवाले कवी असतात, असं म्हणून पुढे गेलो. आणि दुधाचं तर मला काहीच वाटलं नाही. आपल्याकडे स्वस्तिक रांगोळीत असतं, नव्या गाडीवर कुंकवाने काढतात. त्याला कोणी दूध वाहिलं तर मी कशाला हरकत घेऊ? इथे त्या चिन्हाचा अर्थ काय होतो ते मला वीस वर्षांपासून माहीत आहे. पण वाचताना डोळा सांगलीचाच राहतो. हे ब्रेंडाला समजावून सांगणं मी टाळलं.

तिने लायब्ररीचा ईमेल वाचून दाखवला. शनिवारी दुपारी तिथे फिल्म दाखवायची होती. तिथले कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंनी आधी कॉपी मागवून पाहिली आणि लगेच ईमेल लिहायला घेतला. उद्या दुपारपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही तर शो कॅन्सल, असं त्यांनी लिहिलं होतं. म्हणजे गावात जे नुसतं कुजबुजत होते ते आता अमेरिकेत, लेखी, आमच्या कृपेने होणार होतं. मला मनापासून वाईट वाटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण नोकरीचीही काळजी वाटली.

मी येलेनाला फोन लावला. ब्रेंडा स्पीकरवर ऐकत होती.

"मॅडम, तुमचे आजोबा माळ्यावर नक्की काय लपवतात?"

"काय नाही, कोण," येलेना म्हणाल्या. "स्वास्तिका. माझ्या आजीची धाकटी बहीण. चौदा वर्षांची होती. जर्मनांविरुद्ध लढणाऱ्यांच्या चिठ्ठ्या पोचवायची. सैनिक तिला शोधत होते."

"म्हणजे स्वास्तिका हे तिचं नाव?"

"नाव मिलित्सा. स्वास्तिका हे नातं. बायकोची बहीण."

"मेव्हणी!" मी ओरडलो. ऑफिसात तीन माना वळल्या.

येलेनाने विचारलं, तुमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्यांना वेगळा शब्द आहे. मग त्यांना चेव आला. नवऱ्याच्या भावाची बायको? जाऊ. नवऱ्याची बहीण? नणंद. नवऱ्याचा भाऊ त्यांच्याकडे ‘देवेर’, तर मी म्हटलं आमच्याकडे दीर आणि हिंदीत चक्क देवर. बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे हे ऐकून तर मला गहिवरून आलं. साडूला जगात आणखी कोणी ओळखतं याची मला कल्पना नव्हती. ब्रेंडाने कागदावर लिहून विचारलं, तुम्ही भांडताय का? मी लिहिलं, नाही, नातेवाईक निघाले.

आता दुरुस्ती. इंग्रजीत जाऊ, नणंद, भावजय, मेव्हणी, सगळ्या एकाच सिस्टर-इन-लॉमध्ये कोंबलेल्या. फिल्ममध्ये अशा चौघी होत्या, त्यामुळे तो शब्द घातला असता तर कोणालाच काही कळलं नसतं. ‘बायकोची धाकटी बहीण’ असंच लिहायचं ठरलं. पण आमच्याकडे एका ओळीत बेचाळीस अक्षरं बसतात, रिकाम्या जागा धरून. ‘लिटल सिस्टर’ लिहिलं की त्रेचाळीस होत होती. एका पूर्णविरामासाठी आम्ही अर्धा तास घातला. शेवटी ‘किड सिस्टर’ लिहिलं आणि ओळ बसली.

लायब्ररीच्या बाईंना मात्र हा खुलासा पटेना. इतका सोयीस्कर शब्द कुठल्या भाषेत असतो का, असा त्यांचा सूर होता. येलेनाने शब्दकोशाचं पान पाठवलं, तरी त्या म्हणाल्या, विचार करून कळवते. तेव्हा मला सुचलं की मूळ पुरावाच हजर करावा. मिलित्सा आजी हयात होत्या, नव्वदी कधीच ओलांडलेल्या, येलेनाच्याच घरी. लायब्ररीच्या बाईंनाही जोडून घेऊन व्हिडिओ कॉल लावला. येलेनाने आजींना विषय समजावला. आजींनी चष्मा नीट केला, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आल्या आणि मोडक्या इंग्रजीत ठासून म्हणाल्या, "मी स्वास्तिका आहे."

ब्रेंडाने डोळे मिटून घेतले. मग आजींनी शेजारच्या टेबलावरचा लग्नातला फोटो उचलला. बहिणीवर बोट ठेवलं, बहिणीच्या नवऱ्यावर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या. लायब्ररीच्या बाईंना बहीण होती की काय कोण जाणे, पण त्या एकदम विरघळल्या. शो पक्का झाला.

शनिवारी मी बायकोला घेऊन गेलो. हॉल भरला होता. आजी पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर. आजोबांची ती ओळ आली, खाली आमची बेचाळीसच्या आतली ओळ आली, वेळेवर आली आणि वेळेवर गेली. मागे कोणीतरी हुंदका दिला. मला इतकं बरं वाटलं की मी बायकोचा हात धरला. ती म्हणाली, ठीक आहे, पण माझ्या बहिणीला हा शब्द सांगू नकोस.

फिल्म संपल्यावर प्रश्नोत्तरं होती. पहिला हात आजींनी वर केला. त्या सर्बियनमध्ये बराच वेळ बोलल्या. येलेनाचा चेहरा बदलत गेला. मग त्यांनी माइक घेतला आणि भाषांतर केलं.

"आजी म्हणते, माळा नव्हता. डुकरांचा गोठा होता. चार महिने. बायकोच्या बहिणीला डुकरांत ठेवलं हे सांगायची आजोबांना लाज वाटायची, म्हणून ते जन्मभर माळा म्हणत राहिले."

हॉल हसला. आजीही हसल्या, जरा उशिरा आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ. लायब्ररीच्या बाई आमच्याकडे आल्या आणि हळूच विचारू लागल्या, मग आता ती ओळ सुधारायची का. ब्रेंडाने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, ते माळा म्हणाले, आम्ही माळा लिहिला. सबटायटलवाला बोललेलं लिहितो. घडलेलं हवं असेल तर मेव्हणीला विचारावं.