बाल्कनीतली दोरी
ड्रायरमधून निघालेल्या कपड्यांचा करपट वास आला की परदेशात, बेडोकमध्ये, आमचा भाड्याचा कॉन्डो होता, म्हणजे पहाऱ्यातल्या संकुलातला फ्लॅट, तो आठवतो. रानात तळ्याकाठी झोपडी बांधून राहिलेल्या एका लेखकाबद्दल वाचून मी पेटले होते. बाहेर एवढं ऊन असताना यंत्र कशाला? मी बाल्कनीत दोरी बांधून सगळं धुणं वाळत घातलं. तासाभरात गार्ड दारात आला, म्हणाला, बाहेरून दिसतं, नियमात बसत नाही. आई लगेच ओले शर्ट काढायला लागली. मी चिडून म्हटलं, "तो लेखक असा घाबरला असता का?" "त्याची झोपडी कुणाच्या जागेवर होती गं?" "मित्राच्या." "मग तसा मित्र शोध, मी रोज बाहेर वाळत घालीन." आता मी साधेपणावर पत्रकं लिहिते. माझ्या भाडेकरारातही बाल्कनीचं तेच कलम आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.