कासवाची फायनल

राग अजून गेलेला नाही.

यंदा गणपतीत इथे हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाने तरुण पोरं यावीत म्हणून सभागृहातल्या टीव्हीवर बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम लावला. जुन्या धाटणीचा, ठोकळ्या-ठोकळ्यांच्या चित्रांचा. खेळाडू सगळे कार्टून: ढेरपोट्या पाणघोडा, मिशीवालं मांजर, चष्मा घातलेलं कासव. हाच गेम माझी मुलगी पुण्याहून आली होती तेव्हा आमच्या राइट टाउनच्या घरी लावून गेली होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी दुपारची झोप त्यातच जाते. मी नेहमी कासव घेते. दिसायला मठ्ठ, पण उडी मारली की पार रिंगच्या वर जातं आणि एका हाताने चष्मा सावरत चेंडू आत कोंबतं.

मी नाव दिलं तेव्हा पोरं हसली. "काकू, आराम से हां," एकाने समजावलं. त्याला मी पहिल्याच फेरीत हरवलं. मग इंजिनिअरिंगची दोन पोरं गेली, मग बँकेतले एक साहेब. हसणं थांबलं. शेवटी उरलो मी आणि फॅक्टरीच्या क्वार्टरमधली एक नवी सून. फायनल दुसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर.

आरती झाली, मी पदर खोचून टीव्हीसमोर बसले, आणि माइकवरून जाहीर झालं की माझं नाव मागे घेण्यात आलं आहे. घेणारे कोण? मंडळाचे सेक्रेटरी. म्हणजे माझे यजमान!

"काहून काढलं तुम्ही माझं नाव?" मी तिथेच विचारलं.

"अगं, हळू बोल. सेक्रेटरीच्याच घरी पहिलं बक्षीस गेलं तर लोक नावं ठेवतील ना. आपल्यात नाही घेत कोणी."

आपल्यात नाही घेत! पदाधिकाऱ्याच्या घरच्यांनी भाग घ्यायचा, टाळ्या वाजवायच्या, खुर्च्या उचलायच्या, आणि जिंकायची वेळ आली की गुमान बाजूला व्हायचं, ही आमच्या मंडळाची जुनी रीत. पण बक्षीस हवं होतं कोणाला? स्टीलचे डबे घरात ढिगाने पडलेत. मला ती फायनल खेळायची होती. एकसष्ट वर्षांत मी पहिल्यांदा कुठल्या खेळात फायनलपर्यंत पोचले होते, आणि या माणसाने मला साधं विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन मी अबोला धरला. भाजीत मीठ घातलं नाही, मुद्दाम.

मग मुलीला फोन लावला. लहानपणापासून ती मंडळात कधी रमली नाही, म्हणून ती तरी माझी बाजू घेईल अशी खात्री होती. मी तावातावाने सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"अच्छा," ती शेवटी म्हणाली. "आणि आई, माझं कथाकथन?"

मला आठवायला वेळ लागला. ती दहा वर्षांची असताना मंडळाच्या स्पर्धेत पहिली आली होती. तेव्हा महिला शाखा माझ्याकडे होती. परीक्षकांशी बोलून मीच तिचं पहिलं बक्षीस दुसऱ्या मुलीला द्यायला लावलं. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगत आले.

"हो, दोन दिवस रुसली होतीस तू," मी म्हणाले.

"रुसले नव्हते गं. त्यानंतर मी त्या स्टेजवर कधी चढलेच नाही. तुझ्या लक्षात नाही आलं?"

नव्हतं आलं. पंचवीस वर्षांत नव्हतं आलं.