सर्जा चार्जिंगवर आहे

दुपारचे डबे उघडले की आमच्या ऑफिसात भाजीच्या आधी किस्सा वाटला जातो. नागपूरच्या विमानतळावर आमचा 'ग्रीन सेल' आहे. वीज, पाणी, डिझेल वाचवायचं, एवढंच काम. त्यातलं किती वाचलं ते साहेबांना ठाऊक, पण किस्से इतके साचलेत की त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवावा लागेल! माणसं मोजून तीन. पुण्याहून बदलीवर आलेले साहेब, सक्करदऱ्याच्या वैद्यबाई आणि मी.

*

सुरुवात एसीपासून. मे महिन्यात साहेबांनी फर्मान काढलं, ऑफिसचा एसी सव्वीसच्या खाली जाणार नाही. नागपूरचा मे!

दुसऱ्या दिवशी वैद्यबाई ऑटोत घालून घरचा कूलर घेऊन आल्या. लोखंडी, खसच्या ताट्यांचा, टाकीत चार बादल्या पाणी मावेल असा.

साहेब उडालेच. "बाई, हे काय?"

"एसी सव्वीसवरच आहे, साहेब. बघून घ्या!"

अर्ध्या तासात साहेब स्वतःची खुर्ची सरकवत सरकवत कूलरसमोर आले. टाकी रिकामी झाली तेव्हा बादली त्यांनीच भरून आणली.

*

मग कचऱ्याचे डबे आले. ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा. एक प्रवासी तर्री-पोह्याची अर्धी प्लेट धरून पाच मिनिटं दोन्ही डब्यांकडे आळीपाळीनं बघत उभा. शेवटी त्यानं वैद्यबाईंना गाठलं.

"मॅडम, पोहे सुके, तर्री ओली. टाकू कुठं?"

"पोटात टाका भाऊ!" बाई म्हणाल्या. "डबा काहून शोधून राहिले?"

बिचाऱ्यानं उभ्याउभ्या प्लेट चाटूनपुसून साफ केली. साहेबांनी तो उपाय त्या महिन्याच्या रिपोर्टात स्वतःच्या नावावर खपवला.

*

खरी धमाल बंडूभाऊंची. घर काटोलकडचं, शेतकऱ्याचं. पण अर्धं आयुष्य गेलं ते विमानातल्या सामानाच्या ट्रॉल्या ओढणारा डिझेलचा ट्रॅक्टर चालवण्यात. आम्ही डिझेलचा काढून बॅटरीवरचा आणला. साहेबांनी तोंडावर सांगितलं, "ही गाडी नीट चालवलीत तर ठीक. नाहीतर ऑर्डर तयार आहे, तुम्ही पार्किंगच्या गेटवर!"

बंडूभाऊंचा चेहरा पडला. "गेटवरून विमान दिसत नाही, साहेब. नुसता आवाज येते."

मग ते नव्या गाडीवर चढले, चावी फिरवली आणि कान लावून बसले. बराच वेळ काहीच ऐकू येईना, तशी मला हाक मारली, "काहून गा, हा मुका हाय का?"

*

मुका होता हे खरंच! दोनच दिवसांत गाडी मागून कधी आली ते न कळल्यानं एक हमाल थोडक्यात वाचला. तिसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बैलाची घुंगरमाळ! पुढच्या हुकात दोरीची वेसणसुद्धा.

"हे विमानतळ आहे की बैलबाजार?" साहेब कडाडले.

"माळ वाजली की मानूस हटते, साहेब."

"आणि वेसण कशाला?"

"बिनवेसणीचा बैल मी हाकत नाही!"

हमालांनी त्याच दिवशी गाडीचं नाव सर्जा ठेवलं. साहेब सोडून सगळे तेच म्हणू लागले. आठवड्याभरात साहेबही फोनवर कुणाला तरी सांगताना सापडले, "सर्जा चार्जिंगवर आहे."

*

चार्जिंगवरूनही एकदा भांडण झालं. बंडूभाऊ गाडी आणून लावायचे, पण प्लग काही जोडायचे नाहीत. साहेबांना वाटलं, कामचुकारपणा.

"दमून आलेल्या बैलापुढं लगेच चारा टाकत नाही, साहेब. आधी घाम वाळू द्यावं लागते."

साहेबांनी रागारागानं कंपनीच्या इंजिनियरलाच बोलावलं. तो म्हणाला, बरोबर आहे, तापलेली बॅटरी आधी थंड होऊ द्यावी! साहेब त्यानंतर चहा प्यायला जे गेले, ते तासभर परतले नाहीत.

*

आणि मग ऑडिट. हिरवं सर्टिफिकेट मिळणार की नाही ते या एका दिवसावर. तारीख साहेबांनी ठरवली, कॅलेंडर न बघता. निघाला पोळा!

आदल्या संध्याकाळी बंडूभाऊंना, बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, सर्जाच्या हुकाला हळद-तूप चोळताना मी पाहिलं होतं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं पुटपुटत होते. मी कुणाला बोललो नाही.

ऑडिटर मॅडम आल्या त्या इंग्रजीतच. हसणं नाही, चहा नाही. कूलर बघितला, काहीतरी लिहिलं. डबे बघितले, पुन्हा लिहिलं. मग सामानाच्या शेडमध्ये पोचलो आणि साहेबांचे पायच थबकले.

सर्जा उभा. अंगावर झूल, कपाळाला बेगड, पुढ्यात ताटात पुरणपोळी. आणि बंडूभाऊ दोन हमालांना घेऊन ट्रॉल्या हातानं ओढताहेत!

"गाडी चालवून दाखवा!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"आज पोळा हाय, साहेब. आज त्याच्या खांद्यावर काही ठेवत नाही."

"मग उद्यापासून गेटवर!"

बंडूभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. डोळे भरले होते. "जाईन गेटवर. पण आज जुंपनार नाही."

खरं सांगतो, त्या क्षणी मला साहेबांचा भयंकर राग आला. वैद्यबाई तर पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

मॅडम सर्जाभोवती एक चक्कर फिरल्या. वाकून हुक बघितला, वेसण चाचपली, बोटाला लागलेलं तूप रुमालाला पुसलं. फाईल मिटली आणि तडक निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. सर्टिफिकेट मंजूर! शिवाय, ही गाडी याच ड्रायव्हरकडे ठेवावी, असा शेरा. गेटची ऑर्डर साहेबांनी आमच्यासमोर फाडली आणि तुकडे निळ्या डब्यात टाकले.

रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत होता. फक्त शेवटच्या पानावर, दोषांच्या रकान्यात, मॅडमनी पेननं एक ओळ मराठीत लिहिली होती:

"वेसण जुनीच आहे. पोळ्याला नवी घालतात."