फणसाभोवतीचे निळे ठिपके

ठाकूरद्वारच्या एका वाडीतला फणस तोडून तिथे गाड्या लावायचं घाटत होतं. त्या फणसाला लागूनच माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीची खोली. ती हुंदके देत म्हणाली, "बाई, रविवारी मीटिंग आहे. झाड जाणार." मला रागच आला. रडून झाड वाचतं होय? म्हटलं, "डोळे पूस आणि मोजायला लाग."

परळच्या एका शाळेबरोबर आम्ही तेव्हा इंटरनेटवरचा एकच नकाशा भरत होतो. भर दुपारी जागोजागी तापमान मोजायचं आणि मोबाइलवरून नोंदवायचं. तापलेल्या जागी लाल ठिपका, गार जागी निळा. माझी मुलं थर्मामीटर घेऊन वाडीभर फिरली. संध्याकाळी नकाशा उघडला आणि मी कपाळावर हात मारला. सगळेच्या सगळे ठिपके आमच्या शाळेच्या डोक्यावर! परळच्या पोरांनी लगेच खाली लिहिलं, "तुमच्या शाळेला ताप आलाय का?"

चूक माझीच. आधी कच्ची वही, मग पक्की, हे मीच वर्षानुवर्षं मुलांच्या डोक्यात भरवलेलं. पोरांनी आकडे कच्च्या वहीत टिपले आणि वर्गात येऊन सावकाश मोबाइलवर 'पक्के' केले. मोबाइल बिचारा काय करणार? नोंद जिथून होते तीच जागा तो धरतो; त्याने शाळेचीच धरली.

पण कच्च्या वहीत जागाही होत्या, आमच्या पद्धतीच्या. 'पिठाच्या गिरणीसमोर' (गिरणी कधीच बंद झालीय), 'सेक्रेटरीकाकांच्या दाराशी'. शनिवारी बसून मुलांनी एकेक ठिपका ओढून जागेवर नेला. फणसाभोवती निळं, बाकी वाडी लालभडक.

रविवारी मीटिंगमध्ये त्या मुलीने वाडीच्या हॉलमधल्या टीव्हीवर नकाशा लावला. एकेका ठिपक्यावर बोट ठेवत बोलली. गाड्यांसाठी हटून बसलेले वाडीचे सेक्रेटरी चष्मा सावरत टीव्हीपाशी गेले.

"हे निळं दार कुणाचं?"

"तुमचंच, काका."

"दुपारी दार उघडं टाकून झोपतो खरा मी," ते पुटपुटले. झाड ठेवायला पहिला हात त्यांनीच वर केला, मग सगळ्यांनी. मागच्या खुर्चीवरून मी चक्क शिट्टी मारली. वयाची लाजबिज काही वाटली नाही.

सोमवारी ती शाळेत यायच्या आधीच नकाशावर नवा ठिपका आला होता: 'फणस. जागेवर आहे.' थेट झाडाखाली उभी राहून नोंदवलेला. कच्ची वही तिने दप्तरातून काढलीच नव्हती.