सात बेटं आणि एक काहील

सात बेटांच्या सहलीला जाणाऱ्या जहाजावर मी दोन वर्षं नोकरी केली आणि त्या सातांपैकी एकही बेट पाहिलं नाही.

यात जहाजाचा काही दोष नव्हता. ते बिचारं मुंबईहून निघून मालदीव, सेशेल्स, मॉरिशस असं करत पैसेवाल्या लोकांना हिंडवून आणायचं. लोक उतरायचे, वाळूत लोळायचे, शहाळी प्यायचे आणि लालबुंद होऊन परत यायचे. मी मात्र तळाच्या भटारखान्यात बटाटे सोलत असे. तिथं ताटाएवढी एक गोल खिडकी होती, पण ती पाण्याला इतकी लगटून होती की बेट आलं तरी खिडकीत पाणीच. त्यातून मला जहाज लागायचं. (हळूहळू सवय होते म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्या शेजारच्या बाकड्यावर झोपवायला हवं होतं.) बेट जवळ आल्याचा भोंगा झाला की बाकीचे वर धावायचे आणि मी बादलीकडे.

पण हे सगळं गावी कशाला सांगायचं? म्हसवडच्या अलीकडे माळावर आमची वस्ती. सगळी मेंढरंवाली मंडळी. तिथं मी 'जहाजावरचा माणूस' होतो, आणि ते मला फार आवडायचं.

बहात्तरच्या दुष्काळात रजेवर आलो तेव्हा वस्तीची रया गेली होती. पावसाळा कोरडाच संपला होता. दरसाल आमचे कळप ज्या भागात चरायला जात, तिथंही गवताची काडी नसल्याचा निरोप आला होता. माझे मामा, म्हणजे आईचे सख्खे भाऊ आणि माझे सासरेही, यांची दोनशे मेंढरं होती. (मामा मला एरवी 'आरं' म्हणत आणि रागावले की 'जावईबापू, तुमी'. त्यावरून मला हवामान कळायचं.) येत्या बाजारी खाटीक येणार होता आणि निम्मा कळप जाणार होता. मामा जेवत नव्हते. प्रत्येक मेंढीला ते तोंडावरून ओळखत, आणि आता त्यातल्या शंभर निवडायच्या होत्या.

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी पिशवीतून कंपनीचं रंगीत माहितीपत्रक काढलं.

वस्तीवरची सगळी माणसं लिंबाखाली जमली. चित्रात समोर एक गोरी बाई जेमतेम दोन रुमालांत उभी होती. म्हातारी माणसं खोकली, तरुण पुढं सरकले. मामांनी मात्र तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी बोट ठेवलं ते तिच्या मागच्या हिरवळीवर.

"ह्ये गवात कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई," मी म्हणालो.

"कुणाचंच न्हाई म्हंजी? मालक कोण?"

"बेटाला कुठला आलाय मालक, मामा! समुद्रात हाय त्ये."

"मग चरतं कोण?"

"कोणच न्हाई. उगवतंय आन वाळून जातंय."

"वाळून जातंय!" मामांनी पत्रक माझ्या हातातून ओढून घेतलं. "तू सोता बगितलंस?"

इथं थांबता आलं असतं. पण सगळी वस्ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझी बायको हौसाही दारातून बघत होती. "आवं, बगितलंय काय! त्यातनं चाललोय मी. मांडीएवढं!" मी मांडीवर थाप मारून दाखवली. (ती गोऱ्या लोकांची चेंडू टोलवायची हिरवळ होती, नखाएवढी कापलेली, हे मला नंतर जहाजावरच्या आचाऱ्यानं सांगितलं.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी खाटकाला सांगावा धाडला, येऊ नको म्हणून. मला वाटलं, सुचलं असेल काही. मग बघतो तो मामा घोड्यावर वाकळा, भांडी आणि कोंबड्यांची टोपली बांधतायत.

"कुठं निघाला, मामा?"

"बेटावर," मामा म्हणाले. "तू फुडं चल. वाट तुला म्हाईत."

मी म्हणालो, "मामा, लय लांब हाय." मामा म्हणाले, "मेंढराला लांब काय आन जवळ काय." मी म्हणालो, "चारी बाजूला पाणी हाय." मामा जागीच थांबले. विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी रातचं जाळं लावून मेंढरं कोंडायला नगंत. देवानंच वाघूर लावलीया की रं चारी बाजूनं! लांडगं हायत?"

"न्हाईत, पण..."

"मग कुत्रीबी हितंच ऱ्हाऊ देत."

आमचा मुक्काम कऱ्हाडकडे हलला. तिथून घाट उतरून कोकणात आणि कोकणातून जहाज, असा मामांचा बेत. वाटेनं चालता चालता ते एकेक बारीक मुद्दा सोडवत होते. कोकरांना अर्धं तिकीट पडतं का? लोकर कातरून नेली तर मेंढी कमी जागेत बसते, मग भाडं कमी होईल का? तिसऱ्या दिवशी तर त्यांनी मला खिंडीतच गाठलं. आमच्याकडे शेतकरी रात्रभर मेंढरं रानात बसवून घेतो, लेंड्यांचं खत होतं म्हणून, आणि बदल्यात जोंधळा देतो. मामा म्हणाले, "चार-पाच राती मेंढरं जहाजावर बसणार. कप्तान काय देतो?"

"काय न्हाई देत, मामा. जहाजाला खत लागत न्हाई."

"फुकाट न्हाई बसवायची मग," मामा निक्षून म्हणाले. "माजं बोलणं घालून दे त्याच्याशी."

रोज वाटायचं, आज खरं सांगून टाकावं. तोंड उघडलं की मामा एखादी अशक्त मेंढी खांद्यावर टाकून म्हणायचे, "चल गं बाय, मांडीएवढं हाय!" आणि माझं तोंड मिटायचं. वाटेत भेटलेल्या तीन कळपवाल्यांनी माझ्याकडं बेटावर जागा राखून ठेवायला सांगितलं. एकानं तर पाण्याजवळची मागितली. हौसा घोड्याचा दोर धरून माझ्या शेजारनं चालायची. एकदा हळूच म्हणाली, "सात बेटं हिंडलासा आन एका तरी बेटाचं नाव सांगा की." मी चाल वाढवली.

विटा मागं टाकून आम्ही वाळव्याच्या अंगाला कृष्णाकाठी आलो, तेव्हा मेंढरं पाय ओढत होती. तिथं एका उसाच्या मळ्यापाशी पिळदार मिशांचा एक माणूस आडवा आला. पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार.

"पावनं, आज रात मेंढरं बसवता का माज्या रानात?"

"बसवू की," मामा म्हणाले. "उद्या फुडं निघायचं. बेटावर."

"कंच्या बेटावर?"

"त्ये जावई सांगंल. जहाजावर असतो."

हवालदार माझ्याकडं वळले. "असं व्हय! मी तीन साल अंदमानला हुतो. जहाजातनंच गेलो, जहाजातनंच आलो."

मी मेंढरं हाकायला वळलो.

"किती टनाचं जहाज तुमचं?"

"लय टनाचं," मी म्हणालो.

"ड्यूटी कुठं?"

"खाली."

"इंजिनात?"

"त्येच्या शेजारी." (हे अगदी खरं होतं. भटारखाना इंजिनाच्या शेजारीच होता.)

हवालदारांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि मामांना म्हणाले, "आवं पावनं, अंदमानला जाऊस्तवर मेंढराची हाडं ऱ्हातील. त्यापरीस माजं बेट बगा. ह्ये काय, नदीत."

समोर कृष्णेची धार दोन बाजूंना फुटली होती आणि मध्ये सात-आठ एकर हिरवंगार रान होतं. वरून धरणाचं पाणी सोडल्यामुळं ते टिकून होतं. मामा बघतच राहिले.

"पाऊस पडोस्तवर चारा," हवालदार म्हणाले. "बदल्यात खत मला. पर एक अट हाय. मोठी मेंढरं पवून जातील. कोकरं आन गाभण मेंढ्या माज्या गुऱ्हाळाच्या काहिलीतनं न्यायच्या, आन त्या न्यायच्या तुमच्या खलाशानं. खरा खलाशी आसंल तर पाच मिनटाचं काम. नसंल तर झूठ बोलणाऱ्याला माज्या रानात जागा न्हाई."

"त्यात काय!" मामा अभिमानानं म्हणाले. "सात बेटं केल्यात त्यानं."

आता काहील म्हणजे काय, तर उसाचा रस उकळायची लोखंडी कढई, चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. नदीकाठची माणसं पुराच्या वेळी तिचीच होडी करतात. होडीला पुढचं टोक असतं, मागचं असतं. काहिलीला काहीच नसतं. आणि मी माण तालुक्यात वाढलेला! आमच्याकडं पोहायला शिकायचं तर आधी पाणी विकत आणावं लागलं असतं.

सकाळी सगळं गाव काठावर जमलं. काहिलीत सहा कोकरं, दोन गाभण मेंढ्या, राजा नावाचा आमचा घंटावाला मेंढा (तो पुढं असला की कळप मागं येतो, म्हणून) आणि बांबू घेऊन मी. पोहून चिंब झाली तर थंडीनं मरतील अशी ती नाजूक जनावरं माझ्या हवाली केलेली. आणि मी पडलो तर शंभर मेंढरं पुन्हा खाटकाच्या दारात, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी देवाचं नाव घेऊन बांबू रेटला. काहील पुढं गेली नाही. जागेवर गोल फिरली.

मी दुसऱ्या बाजूनं रेटला. उलटी फिरली.

"फुडं! फुडं!" काठावरून मामा ओरडले.

"फुडं कुठं हाय?" मी ओरडलो. कारण दर क्षणाला पुढं वेगळंच येत होतं: मामा, बेट, हवालदार, हौसा, परत मामा. तेवढ्यात धारेनं काहील धरली आणि तिनं गरागरा फिरायला सुरुवात केली. कोकरं बें-बें करत माझ्या धोतरात शिरली. एका गाभण मेंढीनं माझ्या पायावर बूड टेकलं. राजाला वाटलं हे सगळं मीच करतोय, म्हणून त्यानं मागं सरून मला एक धडक दिली. बांबू गेला!

"आवं, ताठ बसा की!" हौसा ओरडली.

ताठ? मी पोटावर आडवा होऊन काहिलीच्या काठावरून मान बाहेर काढली होती. जहाजावर निदान बादली होती! दोन वर्षांचं सगळं ढवळून वर आलं, आणि त्याच्या पाठोपाठ खरंही बाहेर पडलं.

"मामा! मी खलाशी न्हाई! मी बटाटं सोलतो!"

काहील आणखी एकदा फिरली.

"मी बेट बगितलंच न्हाई! एकबी न्हाई! गवात न्हाई, काय न्हाई! मला वाचवा!"

पहिली बोलली ती हौसा. "बटाटं? घरी कवा एक कांदा सोलला न्हाईसा!"

हवालदार काठावरच फतकल मारून बसले आणि मिशा धरून हसायला लागले. एवढ्यात राजानं कळपाकडं तोंड करून हंबरडा फोडला. गळ्यातली घंटा वाजली. काठावरच्या दोनशे मेंढरांनी आपला पुढारी पाण्यात गरगरताना पाहिला आणि कुणाची परवानगी न घेता धडाधड उड्या टाकल्या. नदी पांढरी-काळी झाली. मेंढरं माझ्या दोन्ही बाजूंनी, अत्यंत सरळ रेषेत पोहत पुढं निघून गेली.

मामाही मागोमाग पाण्यात उतरले. मला वाटलं, आता तेही बुडणार. पण ते चालत आले. पाणी त्यांच्या छातीएवढंच होतं. त्यांनी काहिलीचा काठ एका हातानं धरला आणि बेटापर्यंत ओढत नेली. मला त्यांनी कोकरांच्या नंतर उतरवलं.

हवालदारही कमरेचं सोडून, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन आले. मामा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. "हवालदार, पोरगं खोटं बोललं. तुमची अट मोडली. मेंढरं माघारी न्हेतो."

मामांनी हे म्हटलं आणि मला त्या क्षणी खरंच बुडून जावंसं वाटलं. मागं दोनशे तोंडं गवतात खाली गेली होती आणि एकही वर येत नव्हतं. कितीतरी दिवसांनी तो कराकरा चरण्याचा आवाज ऐकू येत होता.

हवालदारांनी मेंढरांकडं पाहिलं. काहिलीकडं पाहिलं. मग माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

"माघारी न्हेणार? पुन्यांदा ह्याच खलाशानं?" ते म्हणाले. "नगं, नगं. माजी काहील जाईल. त्यापरीस पाऊस पडोस्तवर ऱ्हाऊ द्या हितंच."

ते गेल्यावर मामा ओल्या धोतराचा पिळा काढत गवतात बसले. एक मेंढी त्यांच्या मांडीजवळ येऊन चरू लागली. तिच्या पाठीवरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरून आले होते.

"मामा, चुकलं माजं," मी म्हणालो.

"चुकलं तर खरं, जावईबापू," मामा म्हणाले. "पर खाटकाकडं गेली असती, ती हितं चरत्यात. आता काय बोलू तुमास्नी?"

मला हुंदकाच आला. जन्मात कुणाच्या पाया पडावंसं एवढं मनापासून वाटलं नव्हतं. मी धडपडत उठलो. मामा घाईघाईनं दोन पावलं मागं सरले.

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. वाकू नगा. तोल जाईल तुमचा!"

मी तरी वाकलो. आणि गेला!