लाल फितीच्या दोन फांद्या

वनस्पती संशोधन केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत भिंगराव एकतीस वर्षं बसले. खरं नाव पगारपत्रकावर होतं. एरवी सगळे भिंगरावच म्हणत, कारण माणसाशी बोलतानाही ते एक डोळा बारीक करत. लग्न केलं नाही. प्रेमभंगाच्या दोन-तीन झकास कथा केंद्रात फिरत होत्या, पण खरी गोष्ट एवढीच, की त्यांना कुणी विचारलंच नाही. घरी थोरली बहीण, ताई, तीही बिनलग्नाची.

त्यांचा जीव जडला तो कोळ्यांवर. जाळी विणणाऱ्या नव्हे, पानांवर गाठी उठवणाऱ्या. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, अंग गाजरासारखं, पाय आठाऐवजी चारच. हे ध्यान पानाला टोचतं आणि पान बिचारं आपल्याच अंगाची गाठ करून त्याला घर बांधून देतं. आत ओलावा, आडोसा, खायला मऊ पेशी. वर नखरे असे, की आपल्या झाडाची जात सोडून बहुतेक दुसरीकडे जगत नाहीत.

"आणि संसार?" ताईने एकदा विचारलं.

"नर पानावर बारीक काडी उभी करून तिच्यावर बीज ठेवतो. मादी मागाहून येते, उचलते. भेट होतच नाही."

"म्हणजे आपल्याच घराण्यातले!"

केंद्राच्या मागच्या अंगणात, भिंगरावांच्या खिडकीसमोर, कुणीतरी फार पूर्वी आणून लावलेलं एक झाड होतं, त्या जातीचं दुसरं आसपास कुठेच नाही. त्याच्या दोनच फांद्यांवर भिंगरावांना एक कोळी सापडला, जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. तेव्हा त्यांनी काचपट्ट्यांवर जपलेले नमुने मात्र आता विरून गेले होते. तज्ज्ञांनी कळवलं: ताजे नर-मादी पाठवा, त्याशिवाय नवी जात मान्य होणार नाही. निवृत्तीला महिना उरला होता. आयुष्यात स्वतःच्या हातून एवढं एकच व्हायचं होतं.

गाठी अजून कोवळ्या होत्या. आठवडाभर थांबायचं ठरवून, कुणी हात लावू नये म्हणून भिंगरावांनी दोन्ही फांद्यांना लाल फीत बांधली.

आठवड्याने डबी घेऊन गेले, तर फांद्यांच्या जागी दोन ताजे काप.

"काम फत्ते, साहेब!" माळीबुवा खुशीत होते. "रोगट होत्या, म्हणून लगेच जाळूनही टाकल्या."

"का?"

"तुम्हीच लाल फीत बांधलीत ना? लाल म्हणजे छाटायची. ठेवायची तिला पांढरी." माळीबुवांचा चेहरा उतरला. "एवढी वर्षं खिडकीतून बघताय, विचारायचं तरी!"

भिंगरावांनी खिडकीतून इतकी वर्षं फक्त पानं बघितली होती.

उरलेले तीन आठवडे ते शिडी लावून पान न् पान भिंगाखाली बघत राहिले. माळीबुवा न सांगता शिडी धरायचे. गाठ एकही नव्हती. शेवटच्या दिवशी त्यांनी तज्ज्ञांना एका ओळीत कळवलं, की नमुने आता मिळणार नाहीत.

घरी ताईने पाणी पुढे केलं. "नाव काय ठेवणार होतास त्याचं?"

"तुझं."

"किड्याला? माझं?"

"हं."

"सुटले बाई," ती म्हणाली, आणि आत जाऊन धुतलेली भांडी उगाचच पुन्हा घासत बसली.